आईच्या फोनपासून सुरू झालेली निवड: अँड्रॉइडवरचे ब्राउझर आणि काही कामाची ॲप्स

मागच्या दिवाळीत साताऱ्याला माहेरी गेले होते. फराळाचे ताट समोर ठेवता ठेवता आईने आपला फोनही माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "यात व्हायरस शिरलाय बघ गं, सारखं सांगतोय." सूचनांची पट्टी खाली ओढली, तर खरोखरच एकाखाली एक अशा अकरा-बारा सूचना होत्या आणि त्या साऱ्यांचा आशय एकच होता: फोन धोक्यात आहे, ताबडतोब येथे दाबा. व्हायरस कोठेही नव्हता. आई रोज सकाळी दोन मराठी वृत्तपत्रे फोनवर वाचते. त्यांतल्या एका बातमीवरून ती कुठल्याशा पाककृतींच्या पानावर गेली होती, तेथे मजकूर झाकणारी चौकट आली होती, आणि ती चौकट एकदाची बाजूला व्हावी म्हणून तिने "अनुमती द्या" हे बटण दाबले होते. त्या एका स्पर्शाने त्या संकेतस्थळाला तिच्या फोनवर हव्या तेव्हा सूचना पाठवण्याचा परवाना मिळाला. पुढे त्यांतल्याच एका सूचनेवर विश्वास ठेवून तिने फोन स्वच्छ करणारे म्हणवणारे एक ॲप घेतले, आणि ते ॲप फोनचे लॉक उघडले की आधी आपली जाहिरात दाखवू लागले.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये "साइट सेटिंग्ज" आणि त्यातल्या "सूचना" या भागात जाऊन तो परवाना रद्द करणे आणि ते ॲप काढून टाकणे, एवढे काम पाच मिनिटांत झाले. मात्र आई सावध आहे, शिकलेली आहे, बँकेचे व्यवहार स्वतः करते. तरीही तिची फसगत झाली, कारण तिच्या हातात दिलेले साधनच तिच्या बाजूने उभे राहत नव्हते. तेव्हापासून आईच्या ४ जीबी रॅमच्या साध्या फोनवर आणि माझ्या थोड्या बऱ्या फोनवर मी सहा ब्राउझर आणि फोनसोबत न येणारी बरीच ॲप्स नेटाने वापरून पाहिली. हे परीक्षण त्या वापरावर बेतलेले आहे.

ॲप घेताना आपण त्याचे तारे पाहतो आणि ते किती जणांनी उतरवून घेतले, हा आकडा पाहतो. मी आता त्याआधी दोन गोष्टी शोधते. हे ॲप चालवणाऱ्याला पैसा कोठून मिळतो, ही पहिली. आणि आज ज्याच्या हाती ते आहे त्याने उद्या ते विकले, तर माझ्या फोनवर काय उरेल, ही दुसरी. यामागे अनुभव आहे. एके काळी जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनवर ईएस फाइल एक्सप्लोरर असे आणि कागद स्कॅन करायला कॅमस्कॅनर असे. दोन्ही ॲप्स मुळात उत्तम होती. पुढे पहिले ॲप जाहिराती आणि नको असलेल्या सोयींनी फुगत गेले आणि २०१९ मध्ये प्ले स्टोअरमधून बाहेर पडले. दुसऱ्यात त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, जाहिराती दाखवणाऱ्या एका घटकात घातक कोड असल्याचे कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना आढळले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्या यादीत ही दोन्ही होती, आणि त्यांच्यासोबत यूसी ब्राउझर, शेअरइट आणि झेंडरही होते. म्हणजे फाइल पाहणे, कागद स्कॅन करणे, फाइल पाठवणे आणि वेब वाचणे या चारही रोजच्या कामांची साधने एका रात्रीत गेली, आणि पुष्कळांनी त्यांच्या जागी जे पहिले दिसले ते घेतले.

सुरुवात ब्राउझरपासून करणे योग्य ठरेल, कारण फोनवर बदलण्यासारखी एकच गोष्ट कोणी विचारली, तर मी ब्राउझरचेच नाव घेईन. अँड्रॉइड फोनवर क्रोम आधीपासून असतो आणि बहुतेक लोक तोच आयुष्यभर वापरतात. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यामागे गूगलची ॲप्स फोनवर आधीच बसवून देण्याची ही सक्ती हे एक महत्त्वाचे कारण होते. अपील न्यायाधिकरणाने पुढच्या वर्षी काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. क्रोम वाईट ब्राउझर नाही. तो वेगवान आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात वेळेवर येतात आणि मराठी पानांचे भाषांतरही तो करून देतो. परंतु संगणकावरच्या क्रोममध्ये चालणारी एक्स्टेंशन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधने, अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये आजवर आलेली नाहीत, आणि ज्या कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे आहे तिच्या ब्राउझरने जाहिराती अडवाव्यात, अशी अपेक्षाही धरता येत नाही.

आईच्या फोनवर मी फायरफॉक्स बसवला आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन घातले. तीन बिंदूंचा मेनू, त्यातला एक्स्टेंशन्सचा भाग, यादीतले नाव आणि अधिकाचे चिन्ह, इतकाच प्रवास आहे. नंतर आम्ही दोघींनी तीच बातमी दोन्ही ब्राउझरांत शेजारी शेजारी उघडून पाहिली. जुन्या ब्राउझरमध्ये शीर्षकाखाली चौकोनी जाहिरात होती, मग बातमीची दोन वाक्ये, मग पुन्हा जाहिरात, आणि पडद्याच्या तळाशी चिकटलेला, आपोआप वाजू लागणारा व्हिडिओ होता, ज्याची बंद करण्याची फुली इतकी बारीक होती की आईचे बोट नेमके तिच्या शेजारी पडे आणि जाहिरातच उघडे. फायरफॉक्समध्ये शीर्षक होते, छायाचित्र होते आणि बातमी होती. आई थोडा वेळ पान वरखाली करत राहिली आणि मग तिने विचारले, "अख्खी बातमी एवढीच होती?"

यूब्लॉक ओरिजिन बनवणारे रेमंड हिल या कामासाठी देणग्या स्वीकारत नाहीत. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी जाहिरातींच्या याद्या सांभाळणाऱ्यांना करावी, असे ते सांगतात. माझ्या पहिल्या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणत्याही साधनाने दिलेले नाही. वृत्तपत्रे जाहिरातींवर जगतात याची मला पूर्ण जाणीव आहे, म्हणून ज्या दैनिकाची आणि ज्या दोन छोट्या मराठी संकेतस्थळांची जाहिरात सभ्यपणे कडेला बसते, त्यांच्यासाठी मी हा अडसर बंद ठेवला आहे. एक्स्टेंशन उघडल्यावर दिसणारे मोठे निळे बटण एकदा दाबले की त्या संकेतस्थळापुरते ते थांबते आणि ही निवड लक्षातही ठेवली जाते. सवय लागायला दोन दिवस पुरतात.

फायरफॉक्सची अँड्रॉइडवरची वाट सरळ नव्हती, हे जुन्या वापरकर्त्यांना आठवत असेल. ऑगस्ट २०२० मध्ये हा ब्राउझर नव्याने लिहून काढला गेला, तेव्हा पूर्वी चालणारी बहुतेक एक्स्टेंशन्स बंद पडली आणि निवडक मोजकीच उरली. अनेकांनी त्या रागात तो सोडला. डिसेंबर २०२३ मध्ये दार पुन्हा उघडले आणि आता शेकडो एक्स्टेंशन्स फोनवर चालतात. ज्यांनी तेव्हा तो काढून टाकला त्यांनी आता पुन्हा पाहावा, असे मला मनापासून वाटते.

आईच्या वयाच्या वाचकांसाठी यात आणखी दोन सोयी आहेत, ज्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. "ॲक्सेसिबिलिटी" या भागात सर्व संकेतस्थळांवर झूम करू देणारा एक खटका आहे. बरीच संकेतस्थळे दोन बोटांनी पान मोठे करणे मुद्दाम अडवून ठेवतात. हा खटका लावला की ती मनाई चालत नाही. दुसरी सोय वाचन दृश्याची. पत्त्याच्या पट्टीतले पानाचे चिन्ह दाबले की लेख साध्या पार्श्वभूमीवर, हव्या त्या आकाराच्या अक्षरांत उभा राहतो. देवनागरीसाठी हे विशेष उपयोगी पडते, कारण मोठ्या अक्षरांत रफार, अनुस्वार आणि खालच्या मात्रा ओळीच्या गर्दीतून सुटून दिसतात. मात्र ज्या पानांवर अर्धा लेख "पुढे वाचा" या बटणामागे दडवलेला असतो, तेथे वाचन दृश्य पहिल्या अर्ध्यावर थांबते, आणि लेख तेवढाच आहे असा वाचकाचा समज होऊ शकतो. पत्त्याची पट्टी तळाशी ठेवता येते, त्यामुळे एका हातात फोन धरून अंगठ्याने सारे करता येते. ब्राउझरचा चेहरामोहरा मराठीत आहे; स्वयंसेवकांच्या या भाषांतरात अधूनमधून इंग्रजी शब्द उरले आहेत, तरी आईला त्यात काही अडले नाही.

आता उणिवा. आईच्या फोनवर मोठी, चित्रांनी भरलेली पाने फायरफॉक्समध्ये क्रोमपेक्षा सावकाश उघडतात, आणि दुसरे ॲप पाहून परत आले की पान पुष्कळदा नव्याने लोड होते. एका परीक्षेचा अर्ज भरताना शुल्काची खिडकी फायरफॉक्समध्ये उघडलीच नाही आणि भरलेला सगळा अर्ज पुन्हा भरावा लागला, म्हणून सरकारी अर्ज आणि पैसे भरणे यांसाठी मी क्रोम राखून ठेवला आहे. पैशाच्या प्रश्नावरही फायरफॉक्सचे उत्तर पूर्ण समाधानकारक नाही. फायरफॉक्समागची मोझिला फाउंडेशन ना-नफा संस्था असली, तरी तिच्या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलकडूनच येतो, गूगलचे शोधयंत्र आधीपासून निवडून ठेवण्याबद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलाने वापराच्या अटी बदलल्या आणि वापरकर्त्यांची माहिती कधीही विकणार नाही, हे जुने स्पष्ट वचन आपल्या पानावरून काढले. त्यावर टीका झाली, तेव्हा अटींचे शब्द सुधारले गेले. मला हे खटकले आणि अजूनही खटकते. तरीही सगळे तोलून पाहता आईच्या हातात देण्यासाठी मला याहून बरा ब्राउझर सापडला नाही.

ज्यांना काहीच जोडायचे नाही आणि बसवल्या क्षणी जाहिराती थांबायला हव्या आहेत, त्यांनी ब्रेव्ह घ्यावा. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये निर्माण करणारे आणि मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक असलेले ब्रेंडन आइक यांनी तो उभा केला. तो क्रोमच्याच पायावर, म्हणजे क्रोमियमवर बांधलेला असल्याने सर्व संकेतस्थळे त्यात नीट चालतात, आणि साध्या फोनवर तो फायरफॉक्सपेक्षा चपळ वाटतो. मात्र नवा टॅब उघडला की प्रायोजित चित्र, क्रिप्टो चलनातले बक्षीस, पैसे देऊन घ्यायचे व्हीपीएन (फोनची इंटरनेट वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) आणि संवादी सहायक, असे बरेच काही समोर मांडलेले असते. सेटिंगमध्ये दहा मिनिटे बसून हे सारे बंद केले, तर खाली एक उत्तम ब्राउझर सापडतो. आईसाठी ती दहा मिनिटे मी दिली असती, पण एखाद्या अपडेटनंतर पुन्हा काही नवे पुढे आले, तर ते बंद करायला मी साताऱ्यात नसते.

विवाल्डी हा ओपेरा ब्राउझरचे एक संस्थापक योन फॉन टेट्झनर यांचा नंतरचा प्रकल्प आहे. अँड्रॉइडवर तो २०२० मध्ये आला. संगणकासारखी टॅबची खरी पट्टी फोनवर देणारा, टिपणे लिहायला आणि अख्ख्या पानाचे छायाचित्र घ्यायला आतच जागा ठेवणारा हा ब्राउझर संशोधनासाठी वीस-वीस पाने उघडी ठेवणाऱ्यांच्या कामाचा आहे, आणि टॅबलेटवर तर मी तोच वापरते. सॅमसंगचा ब्राउझर इतर कंपन्यांच्या फोनवरही चालतो, हे अनेकांना ठाऊक नसते. तो नीटनेटका आहे, पण जाहिराती अडवायला वेगळे ॲप जोडावे लागते. डकडकगोच्या ब्राउझरमधले ज्वाळेचे बटण सगळा इतिहास एका स्पर्शात पुसते, आणि इतर ॲप्समधून होणारी टेहळणी अडवण्याची त्याची सोय चांगली आहे. ती फोनच्या व्हीपीएनच्या जागेवर बसते, त्यामुळे कामासाठी व्हीपीएन लागत असेल तर दोन्ही एकत्र चालत नाहीत.

ओपेरा मिनीविषयी चार ओळी कृतज्ञतेने लिहिल्या पाहिजेत. २०१० च्या आसपास बटणांच्या फोनवर मराठी वाचायचे, तर पडद्यावर नुसते चौकोन दिसत. तेव्हा ओपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी "ओपेरा:कॉन्फिग" ही अक्षरे रोमनमध्ये टाइप करून, तळाशी असलेला क्लिष्ट लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय सुरू केला की सर्व्हरवरून अक्षरांची चित्रे येत आणि देवनागरी उमटे. आमच्या वसतिगृहात ही युक्ती एकीकडून दुसरीकडे गेली आणि कितीतरी जणींनी पहिले मराठी ब्लॉग त्या इंचभर पडद्यावर वाचले. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर आकसवून मग फोनवर पाठवायचे, ही त्याची रीत डेटा महाग असताना वरदान होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी ओपेराचा ब्राउझर व्यवसाय एका चिनी समूहाने विकत घेतला, आणि आता पाने दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेण्यात मला लाभापेक्षा धोका अधिक दिसतो. ज्या गावी अजूनही रेंजची एकच काडी येते, तेथे मात्र तो उपयोगी आहे.

किवी ब्राउझरचे नाव आजही अनेक जण सुचवतात, कारण क्रोमची एक्स्टेंशन्स फोनवर चालवणारा तो एक सोपा ब्राउझर होता. त्याचे काम जानेवारी २०२५ मध्ये थांबले. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेला ब्राउझर वापरू नये. कोणाच्या फोनवर तो अजून असेल, तर काढून टाकावा.

नवा ब्राउझर बसवल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये "डीफॉल्ट ॲप्स" येथे जाऊन तो निवडणे विसरू नये. तसे केले नाही तर व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक दुवा जुन्याच ब्राउझरमध्ये उघडतो. फेसबुकसारखी काही ॲप्स दुवे आपल्याच आतल्या खिडकीत उघडतात आणि तेथे आपले यूब्लॉक पोहोचत नाही, म्हणून अशा ॲपमध्ये बाहेरच्या ब्राउझरचा पर्याय शोधून सुरू करावा लागतो.

ब्राउझरनंतर आपला सर्वांत जवळचा संबंध येतो तो कीबोर्डशी, आणि येथे सावधगिरी सर्वाधिक हवी. नवा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड स्वतःच बजावते की तुम्ही टाइप कराल तो सर्व मजकूर, पासवर्डसकट, हे ॲप गोळा करू शकेल. तो इशारा औपचारिक समजू नये. रंगीबेरंगी चित्रे आणि मराठी स्टिकर देणारे कीबोर्ड मी त्यामुळे घेतच नाही. गूगलच्या जीबोर्डमध्ये मराठी बोलून लिहिण्याची आणि बोटाने गिरवून लिहिण्याची सोय खरोखर चांगली आहे. माझी कसोटी ठरलेली आहे: "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" हे दोन शब्द कीबोर्ड वेगळे लिहू देतो का, "दर्या" आणि "दऱ्या" यांत गोंधळ होतो का, आणि "ॲप" लिहिताना अ वरचा चंद्र मिळतो की "अ‍ॅ" अशी जोडाजोडी करावी लागते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या पर्यायात पुष्कळदा गुरुजींच्या जागी स्वयंपाकी येऊन बसतो. देवनागरीच्या मांडणीत नुक्त्याचा ऱ दाबून, हलन्त देऊन, मग य दाबला की चंद्रकोरीचा र बिनचूक उमटतो. मी तीच मांडणी वापरते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात घडलेला स्वरचक्र हा कीबोर्ड मुळाक्षरांच्या क्रमाने मांडलेला आहे आणि व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उघडते. ज्यांनी टंकलेखन कधी शिकलेले नाही, त्यांना क, का, कि, की असा क्रम बोटाखाली मिळणे फार मोलाचे आहे. माझ्या मावशीने आयुष्यातला पहिला मराठी संदेश त्यावरच लिहिला.

ॲपची मालकी बदलणे म्हणजे काय, हे मला सर्वांत नीट समजले ते छायाचित्रांच्या एका ॲपमुळे. सिंपल मोबाइल टूल्स या नावाने गॅलरी, कॅलेंडर, संपर्क, फाइल्स अशी डझनावारी लहान ॲप्स मिळत. जाहिरात नाही, इंटरनेटची परवानगी नाही, कोड सर्वांसाठी खुला, असा त्यांचा लौकिक होता. २०२३ च्या अखेरीस त्यांच्या मूळ निर्मात्याने हा सगळा संच झिपोॲप्स या कंपनीला विकला. फोनवरचे चिन्ह तेच राहिले, नाव तेच राहिले, फक्त त्यामागचा माणूस बदलला. आणि आपोआप अपडेट घेणाऱ्या लोकांना काही कळण्याचे कारणच नव्हते. परंतु कोड खुला असल्यामुळे त्याच प्रकल्पात हातभार लावणाऱ्यांनी त्याची प्रत घेऊन फॉसिफाय या नावाने ॲप्सचा संच पुढे चालू ठेवला. मी गॅलरी आणि कॅलेंडर तेथून घेतले आणि माझे काम एका संध्याकाळीत पूर्ववत झाले. मुक्तस्रोत ॲपचा लाभ सामान्य माणसाला कोणता, असे मला कोणी विचारले की मी हेच उदाहरण देते. फोनच्या मुख्य पडद्याची मांडणी बदलून देणाऱ्या नोव्हा लाँचरच्या बाबतीत असे होऊ शकले नाही. ते २०२२ मध्ये ब्रांच या कंपनीने घेतले, त्याचा कोड खुला नव्हता, आणि २०२५ मध्ये त्याचे मूळ निर्मातेही बाहेर पडले.

नकाशांची गोष्टही याच वळणाची आहे. ऑर्गॅनिक मॅप्स हे ॲप मॅप्स.मी या जुन्या ॲपच्या खुल्या कोडवरून, ते ॲप विकले गेल्यावर, मूळ निर्मात्यांपैकी काहींनी उभे केले. त्यातला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी आखलेला. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की पुढे नेटवर्क लागत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही लोणावळ्याहून राजमाचीला चालत गेलो, तेव्हा वाटेत रेंज गेली आणि धुके इतके दाटले की दहा पावलांपलीकडचे दिसेना. एका ठिकाणी गाडीरस्ता आणि पायवाट फुटत होती. ऑर्गॅनिक मॅप्सवर पायवाटेची तुटक रेघ आणि आमचा निळा ठिपका दोन्ही दिसत होते, त्यामुळे उधेवाडीपर्यंत आम्ही न चुकता पोहोचलो. अर्थात नकाशा एखाद्याने आखला असेल तरच वाट दिसते, आणि पावसात घसरलेला भाग नकाशाला ठाऊक नसतो, म्हणून गावातला वाटाड्या असेल तर तोच घ्यावा. शहरात या ॲपचा फारसा उपयोग होत नाही. वाहतुकीची ताजी माहिती त्यात नाही आणि "अमुक सोसायटी, तमुक मंदिरासमोर" असा आपला पत्ता त्याला सापडत नाही. एक सोय मात्र मला मनापासून आवडते: गावाचे, ओढ्याचे, खिंडीचे मराठी नाव गाळलेले असेल, तर ते ॲपमधूनच नोंदवता येते. कारभारावरून झालेल्या वादातून २०२५ मध्ये यातूनही कोमॅप्स ही नवी शाखा निघाली आहे; दोन्ही चालू आहेत आणि वापरण्यात अजून तरी फार फरक नाही.

शेअरइट गेल्यावर फाइल पाठवण्यासाठी मी लोकलसेंडवर स्थिरावले. दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर असली की इंटरनेट नसतानाही छायाचित्रे मूळ आकारात जातात, आणि ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, लिनक्स असे सर्वत्र चालते. नाशिकला चुलतबहिणीच्या लग्नात कार्यालयाच्या वायफायवर ते चालेना, कारण तेथील राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नव्हता. मग माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून काम केले. व्हीएलसीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या १९९६ मधल्या प्रकल्पातून आलेला हा वाहतूक-शंकूच्या चिन्हाचा प्लेअर जाहिरातीशिवाय जवळपास कोणतीही ध्वनिफीत किंवा चित्रफीत वाजवतो आणि आईच्या जुन्या कीर्तनांच्या फाइल्स त्यावरच चालतात. ईमेलसाठी अनेक वर्षे विश्वासाचे असलेले के-नाइन मेल ऑक्टोबर २०२४ पासून थंडरबर्ड या नावानेही मिळते. पासवर्डसाठी बिटवॉर्डन आणि दुहेरी पडताळणीच्या अंकांसाठी एजिस, ही माझी निवड आहे. एजिसची कुलूपबंद प्रत फोनबाहेर काढून ठेवता येते, आणि ती फोन हरवण्याआधीच काढून ठेवावी.

यांतली बहुतेक मुक्तस्रोत ॲप्स एफ-ड्रॉइड या २०१० पासूनच्या भांडारात मिळतात. तेथे प्रत्येक ॲपच्या पानावर, त्यात जाहिरात किंवा टेहळणी असेल तर तसा शेरा ठळकपणे मारलेला असतो. प्ले स्टोअरवरचा "डेटा सुरक्षितता" हा भाग ॲप बनवणारा स्वतःच भरतो. एफ-ड्रॉइडवरचा शेरा कोड तपासणारे मारतात, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो. त्याची किंमत अशी की अपडेट कधी कधी उशिरा येते, आणि ब्राउझरच्या बाबतीत तो उशीर मला मान्य नाही, म्हणून ब्राउझर मी प्ले स्टोअरवरूनच घेते. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बाहेरून बसवायच्या ॲप्सच्या निर्मात्यांनाही आपली ओळख पटवावी लागेल, आणि सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथून होईल. एफ-ड्रॉइडने याला उघड विरोध केला. हेतू फसव्या ॲप्सना आवरण्याचा असला, तरी फुकट आणि निनावी काम करणाऱ्या प्रामाणिक माणसांचे काय होणार, ही चिंता मलाही वाटते.

फसवणूक मात्र खरी आहे, हे कोणी नाकारू नये. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून एपीके फाइल येते, ती उघडली की ॲप बसते आणि संदेश वाचून बँकेचे ओटीपी पळवते. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, ती कधीही ॲप नसते, हे मी आईला आणि मावशीला फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरे दाखवून समजावले. अँड्रॉइडमध्ये बाहेरची ॲप्स बसवण्याची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते, हे येथे कामी येते. आईच्या फोनवर मी एफ-ड्रॉइड ठेवलेले नाही, कारण तिला लागणारी फायरफॉक्स, फॉसिफाय गॅलरी आणि व्हीएलसी ही तिन्ही प्ले स्टोअरवरच मिळतात. "अज्ञात ॲप्स इंस्टॉल करा" या पानावर व्हॉट्सॲपसमोरचा खटका बंद आहे, हे मी साताऱ्याला गेले की चहा होईपर्यंत उघडून पाहते, आणि आता मी विचारण्याआधी आईच ते पान उघडून फोन माझ्या हातात देते.